कागदावरचा कर
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धावर चार शब्द बोलावयाचे आहेत. बोस्टनला चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या, वॉशिंग्टन लढले, इंग्रज हरले, एवढे लिहिले की परीक्षेत गुण मिळतात. पण शेतकरी, सुतार, दुकानदार अशा साध्या माणसांच्या तेरा वसाहती त्या काळच्या सर्वांत बलाढ्य आरमारापुढे उभ्या कशा राहिल्या, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

त्याचे एक उत्तर युद्धाच्या सव्वाशे वर्षे आधी सापडते. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने 1647 साली कायदा केला की, ज्या गावात पन्नास घरे असतील त्या गावाने मुलांना लिहायला-वाचायला शिकविणारा एक शिक्षक नेमावा. शंभर घरे झाली की वरच्या शिक्षणाची शाळा काढावी. लोक जंगल तोडून शेते करीत होते, हिवाळ्यात अन्नाची भ्रांत होती. तरीही शिक्षकाचा पगार पालकांनी किंवा गावाने भरावयाचा होता. आपल्या मुलांना धर्मग्रंथ वाचता यावा हा त्यांचा हेतू होता. पण अक्षर एकदा ओळखीचे झाले की माणूस इतर कागदही वाचू लागतो.

इंग्लंड व फ्रान्स यांचे सात वर्षांचे युद्ध 1763 साली संपले आणि इंग्लंडच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर उभा राहिला. तो उतरविण्यासाठी पार्लमेंटने 1765 साली वसाहतींवर मुद्रांक-कर बसविला. वर्तमानपत्र, कोर्टाचा कागद, पंचांग, इतकेच काय पण पत्त्यांच्या जोडावरही तो कर होता. ध्यानात घ्या, तो छापील कागदावरचा कर होता! साहजिकच छापखानेवाले, वकील आणि पत्रकार, म्हणजे ज्यांना लिहिता येत होते तेच लोक, सर्वांआधी चवताळून उठले. ज्या पार्लमेंटात आमचा एकही प्रतिनिधी नाही, तिला आमच्यावर कर बसविण्याचा अधिकार कोणी दिला, असा त्यांचा सवाल होता. लोकांनी इंग्लंडच्या मालावर बहिष्कार घातला. एका वर्षात, 1766 साली, सरकारला तो कर मागे घ्यावा लागला.

त्याच 1765 साली आपल्याकडे ईस्ट इंडिया कंपनीने बंगालची दिवाणी पदरात पाडून घेतली. पुढे हीच कंपनी पैशाच्या अडचणीत आली, तेव्हा तिचा साचलेला चहा वसाहतींत खपविण्यासाठी 1773 साली पार्लमेंटने कायदा केला. चहा स्वस्त मिळणार होता. पण त्याच्यावर कर होता. तो स्वीकारला तर तत्त्व गेले, हे लोकांना कळत होते. 16 डिसेंबर 1773 च्या रात्री बोस्टनच्या बंदरात चहाच्या 342 पेट्या पाण्यात गेल्या. शिक्षा म्हणून सरकारने बंदरच बंद केले. मात्र गावोगावी पत्रव्यवहार करणाऱ्या समित्या आधीच उभ्या होत्या. एका गावावरचा अन्याय दुसऱ्या गावी पत्राने पोहोचत होता आणि ते पत्र वाचणारा माणूस तेथे हजर होता.

एप्रिल 1775 मध्ये लेक्झिंग्टन येथे पहिली गोळी सुटली. तरीही स्वतंत्र व्हावे की नाही, याबद्दल अनेकांचे मन कचरत होते. अशा वेळी, जानेवारी 1776 मध्ये, टॉमस पेन या माणसाने एक लहानशी पुस्तिका काढली. पेन हा एका कारागिराचा मुलगा, शाळा लवकर सुटलेली, इंग्लंडातून येऊन दोन वर्षेही झालेली नव्हती. त्याने पंडिती भाषा टाळली. शेतकऱ्याला समजेल असे लिहिले. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना इतरांनी ती पुस्तिका वाचून दाखविली. 4 जुलै रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला, रातोरात छापला गेला आणि 9 जुलैला न्यूयॉर्क येथे वॉशिंग्टनच्या सैनिकांना वाचून दाखविण्यात आला. आपण कशासाठी लढतो आहोत, हे त्या शिपायाने स्वतःच्या कानांनी ऐकले.

पुढचा मार्ग खडतर होता. 1777-78 च्या हिवाळ्यात व्हॅली फोर्जच्या छावणीत रोगराईने सुमारे दोन हजार सैनिक मेले. साराटोगाच्या विजयानंतर फ्रान्स मदतीस आला. त्याच सुमारास, डिसेंबर 1777 मध्ये, मोरोक्कोच्या सुलतानाने आपली बंदरे अमेरिकन जहाजांना खुली केली, हेही आपण जाणून असावे. ऑक्टोबर 1781 मध्ये यॉर्कटाऊनला कॉर्नवॉलिसची फौज शरण आली आणि 1783 च्या तहाने इंग्लंडने अमेरिकेचे स्वातंत्र्य मान्य केले. हाच कॉर्नवॉलिस 1786 साली गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि 1792 साली त्याने टिपू सुलतानाचे निम्मे राज्य घेतले.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. सर्व माणसे समान आहेत, अशी घोषणा करणाऱ्या या देशात लाखो माणसे गुलाम होती. जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफरसनकडेही गुलाम होते. साऊथ कॅरोलायना या वसाहतीने तर 1740 सालीच कायदा केला होता की, जो कोणी गुलामाला लिहायला शिकवील त्याला शंभर पौंड दंड! अक्षराची ताकद काय असते, हे मालकाला पुरेपूर ठाऊक होते.

याच साऊथ कॅरोलायनाच्या चार्ल्सटन बंदरात 1807 साली पश्चिम आफ्रिकेतून एका माणसाला विकावयास आणले. त्याचे नाव उमर इब्न सईद. मायदेशी त्याने अनेक वर्षे दीनी इल्म संपादन केला होता. तो मालकाकडून पळाला, नॉर्थ कॅरोलायनात पकडला गेला, तुरुंगात पडला. आणि तेथल्या भिंतींवर कोळशाने अरबीत लिहू लागला. 1831 साली त्याने आपली जीवनकहाणी अरबीत लिहिली. ते हस्तलिखित आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतन केलेले आहे. त्याचे घर, त्याचा मुलूख, त्याचे स्वातंत्र्य, सारे हिरावले गेले. लहानपणी उस्तादांनी दिलेली अक्षरे मात्र कोणी हिरावू शकले नाही.

पालकहो, मुलगा सातवीत गेला की त्याला गॅरेजवर किंवा दुकानावर बसवावा, मुलगी वयात आली की तिची शाळा बंद करावी, हा विचार अजूनही काही घरांत येतो. घरची अडचण मला समजते. चार पैसे आजच हवे असतात. पण त्या पन्नास घरांच्या गावालाही अडचण होती. गुलामांचे शिक्षण बंद करण्यासाठी मालकांना कायदा करावा लागला. आपल्या मुलामुलींसमोर असा कोणता कायदा उभा आहे? दार उघडे आहे. ते आपल्या हाताने बंद करू नका.

आणि विद्यार्थी मित्रांनो, वाचा, समजून घ्या, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा.