सांभाळावयास ठेवलेल्या मुलाचा खेळ

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पाळणाघर समितीच्या वतीने केलेले भाषण)



आपल्या संस्थेच्या पाळणाघराविषयी चार शब्द बोलावेत अशी कार्यवाहांची सूचना झाली. जमाखर्च आणि मुलांची संख्या अहवालात छापलेली आहेच. ती पुन्हा वाचून आपला वेळ घेण्याची आमची इच्छा नाही. त्याऐवजी पालक वर्षभर आमच्या दारात उभे राहून जो प्रश्न विचारतात, त्याविषयीच बोलावे असे आम्ही ठरविले आहे. "घरी हा क्षणभर एकटा खेळत नाही, सतत कोणीतरी समोर लागते, तुमच्याकडे तरी खेळतो का?" हा तो प्रश्न. आणि हेच पालक कधी अवेळी आले व मूल कोपऱ्यात आपल्याच नादात बसलेले दिसले, तर विचारतात, "त्याला एकट्याला का बसविले?" दोन्ही प्रश्न मायेपोटीच येतात हे आम्ही जाणतो. परंतु दोहोंचे उत्तर एकच आहे, आणि ते दारात उभे राहून देता येत नाही.

ज्या घरांत आपल्यापैकी वडीलधारी मंडळी वाढली, त्या घरांत मुलाशी खेळावे म्हणून खास कोणी बसत नसे. आजी सूप घेऊन तांदूळ निवडीत बसे आणि मूल तिच्या पदराच्या अंतरावर वाट्या उपड्या-उताण्या करीत असे. त्या काळाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. त्याच घरांत मुले चुलीवर भाजत, विहिरीत पडत, आणि सात वर्षांच्या ताईच्या कडेवर धाकटा भाऊ दिवसभर लटकलेला असल्याने तिचे स्वतःचे खेळणे संपून जाई. तथापि एक गोष्ट त्या व्यवस्थेत आपोआप साधली जाई. मोठे माणूस जवळ असे, आणि त्याचे चित्त आपल्या कामात असे.

आजच्या सांभाळावयास ठेवलेल्या मुलाची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. आई आठची गाडी पकडते, वडील तिच्या आधीच गेलेले असतात, आणि मूल एका अशा व्यक्तीच्या हाती येते की जिला त्या मुलावाचून दुसरे कामच नाही. ती पगारी बाई असेल, तर खुळखुळा वाजविला नाही तर आपण फुकटचा पगार घेतो असे तिला वाटते. आजी असेल, तर सुनेने येऊन "आज काय शिकविले?" असे विचारू नये म्हणून ती दिवसभर बडबडगीते म्हणत राहते. परिणामी मूल प्रेक्षक बनते. चेंडू दुसऱ्याने टाकायचा, मनोरा दुसऱ्याने रचायचा, आणि याने टाळ्या पिटायच्या. संध्याकाळी दमलेले आईबाप घरी आले की हा प्रेक्षक नवा खेळ मागतो. त्याला हट्टी म्हणणे अन्यायाचे आहे. त्याला जे शिकविले, ते तो चोख शिकला आहे.

आता कोणी म्हणेल, मग द्यावे त्याला एकटे सोडून, आपोआप शिकेल. हा उपाय आम्हांस मान्य नाही. डोनाल्ड विनिकॉट या इंग्रज बालवैद्याने १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात मोठी मार्मिक गोष्ट मांडली आहे. एकटे राहण्याची शक्ती मुलात येते ती कोणीतरी जवळ असताना एकटे राहण्याच्या अनुभवातून, असे त्याचे म्हणणे. जवळच्या माणसाची खात्री पटली, म्हणजे मूल त्या माणसाला विसरू शकते, आणि विसरले म्हणजेच खेळू लागते. पाळणाघरात आम्ही हे नित्य पाहतो. नव्याने आलेले मूल पहिले पंधरा दिवस, कधी महिनाभर, खेळतच नाही. ते दाराकडे पाहते. त्या काळात त्याने एकटे खेळावे अशी अपेक्षाच करू नये. बाईने नुसते जवळ बसावे, हवी तर मांडी द्यावी.

येथेच पालकांस एक कळकळीची विनंती आहे. मूल रडेल म्हणून त्याची नजर चुकवून निघून जाऊ नका. "तिकडे बघ काऊ" असे सांगून आई जिना उतरते. मूल मागे वळते तो आई नाही! तेवढ्या दिवसाचे रडणे वाचते, पण त्यानंतर ते मूल पहाऱ्यावर बसते. एक डोळा दारावर ठेवून कोणास खेळता आले आहे? सांगून जावे, रडू द्यावे, आणि सांगितलेल्या वेळी परत यावे. बाईनेही स्वयंपाकघरात जाताना हाच नियम पाळावा. "मी भात पाहून येते, इथेच आहे" एवढे वाक्य सव्वा वर्षाच्या मुलालाही पुष्कळ असते.

मूल रुळले म्हणजे पुढचे काम सुरू होते. हंगेरीत बुडापेस्ट येथे एमी पिक्लर या डॉक्टरीणबाईंनी महायुद्धानंतर, १९४६ साली, आईबापांस पारख्या झालेल्या तान्ह्या मुलांसाठी एक शिशुगृह उभारले. तेथील रीत आम्हांस फार पटली. न्हाऊ घालणे, भरविणे, कपडे बदलणे ही कामे घाईने उरकायची नाहीत. त्या वेळी बाईचे सारे लक्ष त्या एका मुलाकडे. आणि ते झाले की मूल जमिनीवर मोकळे, आणि बाई त्याच्या खेळात हात घालणार नाही. पोटभर जेवलेला माणूस जसा खाऊच्या डब्याकडे पाहत नाही, तसे पोटभर लक्ष मिळालेले मूल बाईच्या मागे लागत नाही. आपल्याकडे बहुधा उलटे घडते. भरविताना आपण फोनवर बोलत असतो, आणि मूल खेळू लागले की मात्र शेजारी बसून सूचना करतो.

म्हणून सकाळचे दूध झाले, लंगोट बदलला, की आमच्या बाई सतरंजीवर बसतात आणि मेथीची जुडी पुढे ओढतात, किंवा कपड्यांच्या घड्या घालतात. काम खरे असावे. कामाचे सोंग मूल तत्काळ ओळखते. समोर चार-पाचच वस्तू ठेवायच्या. मूल वस्तू उचलील, तोंडात घालील, आपटील. बाईंनी बोलायचे नाही. मुलाने मान वर करून पाहिले, तर आपणही पाहायचे, "हं, डबा" असा एखादा शब्द बोलायचा, आणि पुन्हा मेथी. पहिल्या दिवशी हे तीन मिनिटे टिकते. महिन्याभरात पंधरा मिनिटांपर्यंत जाते. एखादे मूल अर्धा तासही रमते, एखादे पाच मिनिटांच्या पुढे जातच नाही, आणि त्यातही काही बिघडत नाही. मग बाई सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला, मग दारापाशी. नजरेआड मात्र नाही. ज्याला आम्ही स्वतंत्र खेळ म्हणतो, तो बाईच्या नजरेतला खेळ आहे, हे पुन्हा सांगतो. विशेषतः पाण्याने भरलेली बादली असलेल्या जागी तान्ह्या मुलास पळभरही एकटे ठेवू नये.

वाटी टोपीसारखी डोक्यावर घातली तर "अशी नाही रे, अशी!" म्हणून ती काढून घेऊ नये. आणि झाकण बसले की प्रत्येक वेळी "शाब्बास!" म्हणून ओरडूही नये. शाब्बासकीने मूल झाकण सोडून आपल्या तोंडाकडे पाहू लागते.

वस्तूंविषयी थोडे. लाकडी कालथा, रिकामा डबा, नारळाची घासून गुळगुळीत केलेली करवंटी, जुन्या साडीचे तुकडे, पितळी वाटी, कपड्यांचे मोठे चिमटे. तोंडात मावेल असे काही नको. शेंगदाणे, मणी, नाणी, चुंबकाचे तुकडे, आणि सर्वांत घातक म्हणजे खेळण्यांतील गोल चपट्या बॅटऱ्या. ही सामग्री पाहून "एवढी फी घेता आणि करवंट्या देता?" असे एका आजोबांनी आम्हांस विचारले होते. त्यांस आम्ही कोसबाडची हकिकत सांगितली. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी माँटेसरीची महागडी साधने बाजूस ठेवून शंख-शिंपले, बिया, दगड असे परिसरातलेच साहित्य वापरले. थोरल्या मुली धाकट्यांना सांभाळण्यात अडकल्यामुळे शाळेत येईनात, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एकत्र आणली.

खुद्द माँटेसरीबाईंची पहिली शाळाही अशाच मुलांसाठी होती. रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आईबाप कामावर गेल्यावर मुले जिन्यांत हुंदडत आणि भिंती खराब करीत. म्हणून इमारतींच्या मालकांनी त्यांची सोय करावयाचे ठरविले आणि १९०७ च्या जानेवारीत ते बालगृह उघडले. तीन वर्षांची एक मुलगी लाकडी दट्टे भोकांत बसवीत असताना बाईंनी पाहिली. मोजले, तर तिने तेच काम चाळीसहून अधिक वेळा केले. मध्येच तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, इतर मुलांस गाणे म्हणावयास लाविले, तरी तिची तंद्री मोडली नाही.

एका सभासदांनी कचेरीतून फोनवर आमचा कॅमेरा पाहिला आणि तक्रार केली की बाई भाजी निवडते आणि आमचा मुलगा एकटा पडला आहे. आम्ही त्यांस येऊन बसण्याची विनंती केली. ते आले. मुलगा चिमटे डब्यात टाकी, डबा पालथा करी, पुन्हा टाकी. वडील पाचव्या मिनिटास उठून मदतीला निघाले. बाईंनी हातानेच थांबविले. वीस मिनिटे गेली. त्यांचे पूर्ण समाधान झाले असे आम्हांस वाटले नाही, पण मुलगा अजून आमच्याकडेच आहे.

"आमचा इतरांत मिसळत नाही," ही चिंताही दोन वर्षांच्या मुलाबाबत करू नये. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन विदुषीने १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत असेच आढळते की लहान मुले आधी एकटी, मग शेजारी-शेजारी पण आपापली खेळतात. मिळून खेळणे मागाहून येते.

मोबाईलबद्दल फार बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की एक वर्षाच्या आतील मुलास पडदा मुळीच नको, एक वर्षाच्या मुलासही नको, आणि दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसास एक तासाहून अधिक नको. फोनपुढे मूल शांत बसते हे खरे. ते तेथेही प्रेक्षकच असते. मात्र आजीने फोन दिला म्हणून तिच्यावर रागावण्यापूर्वी ती सकाळपासून किती तास एकटी सांभाळते आहे हे मोजावे. परदेशी मुलाकडे सहा महिने नातवंड सांभाळावयास जाणाऱ्या आपल्या ज्ञातीतील भगिनींस हे विशेष लागू आहे. तिकडे शेजारीणही नसते. त्यांनी निःसंकोच मेथी निवडीत बसावे आणि सुनेने ते आळशीपणात धरू नये.

जाता जाता एक मागणे. दिवाळीच्या सफाईत ज्यांच्या घरून पितळी वाट्या, झाकणाचे डबे, लाकडी पळ्या निघतील, त्यांनी त्या भंगारात न देता पाळणाघरात पाठवाव्यात. धार किंवा कल्हई उडालेली असल्यास तसे सांगावे, म्हणजे आम्ही त्या निराळ्या काढू. सुती साड्याही चालतील. मोटारी आणि वाजणाऱ्या बाहुल्या मात्र आमच्याकडे पुरेशा झाल्या आहेत.