कांदालसणाविना स्वयंपाक : एक जपण्यासारखी विद्या

(संघाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षण, वधूवरमेळावा, विद्यार्थी-साहाय्य या विषयांच्या पंक्तीला स्वयंपाकाचा विषय कशासाठी, अशी शंका काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्या देशस्थ घरांतून गेली कित्येक शतके जी विद्या आईकडून लेकीकडे आणि सासूकडून सुनेकडे कोणत्याही पुस्तकावाचून चालत आली, ती आज आपल्या डोळ्यांदेखत विरळ होत चालली आहे. आणि ती टिकविण्याचे काम संघासारख्या संस्थेस सहज करता येण्यासारखे आहे. म्हणून आज आम्ही या व्यासपीठावर चुलीजवळच्या गोष्टी बोलणार आहोत.

प्रथम आपली परंपरा नेमकी काय आहे ते पाहू. आपल्यापैकी बहुतेक घरांत कांदालसूण बारमास वर्ज्य नाही. आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत, म्हणजे चातुर्मासात, तो बंद. एरवी सणावारी, नैवेद्याच्या व श्राद्धपक्षाच्या स्वयंपाकात बंद. एकादशीच्या आधी दोन दिवस येणारी कांदेनवमी आपण किती उत्साहाने साजरी करतो! भजी, थालीपीठ, कांद्याची भाजी, जे जे कांद्याचे होते ते ते त्या दिवशी ताटात येते. पुढे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस, चंपाषष्ठीला, आपल्यातील अनेकांचे कुलदैवत जो खंडोबा, त्यास वांग्याचे भरीत, रोडगा आणि कांद्याची पात यांचा नैवेद्य होतो. ज्या पदार्थाचा नैवेद्य कुलदैवत स्वीकारते, तो पदार्थ मुळातच अपवित्र आहे असे कोणत्या तोंडाने म्हणावे? आपला नियम हा वस्तूच्या तिरस्काराचा नाही, तर ऋतूचा आणि संयमाचा आहे. पावसाळ्याचे चार महिने आवडती वस्तू दूर ठेवावयाची आणि मग तिचे आनंदाने स्वागत करावयाचे, हे त्यातील मर्म होय.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण, गृंजन, कांदा आणि अळंबी ही द्विजांस अभक्ष्य सांगितली आहेत, हे खरे. परंतु भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक, राजस आणि तामस आहाराचे जे वर्णन आहे, त्यात कांद्याचे वा लसणाचे नावही नाही. उलट आयुर्वेदाने लसणाची थोरवी गायिली असून काश्यपसंहितेत लशुनकल्प नावाचे स्वतंत्र प्रकरणच आहे. अमृत प्राशन करणाऱ्या राहूचा शिरच्छेद झाला तेव्हा भूमीवर पडलेल्या थेंबांतून लसूण उपजला, अशी कथा वैद्यकग्रंथांनी सांगितली. म्हणजे अमृताचा अंश आणि असुराचा स्पर्श अशा दोन्ही गोष्टी आपल्या पूर्वजांनी एकाच कांडीत पाहिल्या.

या नियमाची दुसरी एक बाजू आहे आणि ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून ती झाकून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. पाचव्या शतकात आलेला फाहियान लिहितो की, मध्यदेशात चांडालांखेरीज कोणी कांदालसूण खात नाही, आणि त्या चांडालांस गावाबाहेर राहावे लागते. सातव्या शतकातील ह्युएनत्संगही कांदालसूण खाणारास नगराबाहेर घालवीत असल्याची नोंद करतो. म्हणजे जी गोष्ट एका घरात व्रत म्हणून पाळली गेली, तीच दुसऱ्या माणसास दूर लोटण्याचे निमित्तही झाली. आज हा स्वयंपाक जपावयाचा असेल तर तो व्रत म्हणून, कला म्हणून जपावा. श्रेष्ठत्वाची खूण म्हणून कदापि नव्हे. आणि तो केवळ आपलाच आहे असेही नाही. तुळशीची माळ घातलेले अनेक जातींतील वारकरी, जैन बंधू, पुष्टिमार्गीय वैष्णव हे सारे आपापल्या रीतीने तो करतात. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादात कांदा, लसूण तर नाहीतच, पण बटाटा व टोमॅटोही चालत नाहीत. काश्मिरी पंडितांच्या परंपरेत तर मांसाचे पदार्थही कांदालसणाविना, हिंग, बडीशेप आणि सुंठ यांवर सिद्ध होतात. मग ही कसली एका जातीची मिरासदारी?

आता मुख्य विषयाकडे वळू. आजकाल आपल्या मंगलकार्यांतून एक प्रकार दिसतो. उपाहारगृहांतील दाट रश्श्याची भाजी ठरविली जाते आणि आचाऱ्यास फक्त एवढेच सांगितले जाते की, ‘कांदालसूण घालू नका.’ तो बिचारा कांदा वजा करतो आणि ती पोकळी काजूची पेस्ट व साय घालून भरून काढतो. पदार्थ जड होतो, पण चव लागत नाही. आणि पंक्तीतील तरुण मुलेमुली मनात धरतात की, कांदालसणाविना अन्न म्हणजे बेचव अन्न. हा अन्याय आहे. आपला जुना स्वयंपाक हा कांदा वगळलेला स्वयंपाक नव्हे. तो कांद्याची अपेक्षाच न धरता रचलेला स्वयंपाक आहे. हा भेद एकदा ध्यानी आला म्हणजे पुढचे सारे सोपे होते.

कांदा पदार्थात तीन कामे करतो. गंधकयुक्त द्रव्यांमुळे तो उग्र वास देतो. परतला म्हणजे गोडी देतो. आणि वाटला म्हणजे रश्श्यास अंग देतो. आपल्या आज्यापणज्यांनी ही तीन कामे तीन निरनिराळ्या वस्तूंकडे सोपविली. वासाचे काम हिंगाकडे, गोडीचे गुळाकडे, आणि दाटपणाचे काम तीळ, सुके खोबरे, दाण्याचे कूट व डाळीचे पीठ यांकडे. त्यांच्या जोडीस चिंच किंवा आमसुलाची आंबटाई आली की चव पुरी होते.

हिंगाचा महिमा थोडा विस्ताराने सांगितला पाहिजे. हा एका रानटी झुडपाच्या मुळाचा चीक. मुळास छेद दिला म्हणजे दुधासारखा रस पाझरतो आणि वाळून त्याचा खडा होतो. त्याच्या तेलातही कांदालसणाप्रमाणेच गंधकाची द्रव्ये असल्यामुळे त्यांची उणीव तो भरून काढतो. संस्कृतात त्यास ‘बाह्लीक’ असेही म्हणतात. म्हणजे तो बल्ख प्रांताकडून येतो हे आपल्या पूर्वजांस ठाऊक होते. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर राजाने रचविलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथातील पाककृतींत हिंगाच्या पाण्याचा उपयोग वारंवार येतो. आपल्या देशात हिंग प्रामुख्याने अफगाणिस्तान, इराण आणि उझबेकिस्तान येथून आला. भारतीय शास्त्रज्ञांनी हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात त्याच्या लागवडीचा प्रारंभ १५ ऑक्टोबर २०२० रोजी केला.

डबीत मिळणारा हिंग शुद्ध नसतो; त्यात डिंक आणि गव्हाचे किंवा तांदळाचे पीठ मिसळलेले असते. ज्यांस गव्हातील ग्लुटेन वर्ज्य आहे, अशांनी डबीवरील मजकूर वाचल्यावाचून हिंग वापरू नये. खडा हिंग मिळाल्यास तो थोड्या तेलात फुलवून कुटावा, किंवा कोमट पाण्यात भिजवून ते पाणी आमटीत घालावे. फोडणीचा क्रमही महत्त्वाचा. तेल तापल्यावर मोहरी. ती तडतडली की जिरे. मग आच मंद करून हिंग, हळद आणि शेवटी कढीपत्ता. हिंग आधी पडला तर जळून कडू होतो. गार तेलात पडला तर कच्चा वास राहतो.

दुसरा आधारस्तंभ गोडा मसाला. चार वाट्या धन्यांस एक वाटी तीळ, एक वाटी किसलेले सुके खोबरे, अर्धी वाटी जिरे, आणि बेताने दालचिनी, लवंग, तमालपत्र, नागकेशर, दगडफूल, खडा हिंग व सुक्या मिरच्या, असे एक प्रमाण सांगता येईल. प्रत्येक जिन्नस निराळा, थोड्या तेलावर भाजावा. कारण धने ज्या आचेवर खमंग होतात, त्या आचेवर तीळ करपतात. दगडफूल हे फूल नसून खडकांवर व झाडांच्या सालींवर वाढणारे शैवाक आहे. कच्चे असता त्यास फारसा वास नसतो. तेलावर भाजले की मगच आपल्या आमटीचा तो ओळखीचा सुगंध सुटतो.

आता प्रत्यक्ष पदार्थ. एक वाटी तुरीची डाळ मऊ शिजवून घोटावी. वर सांगितल्याप्रमाणे फोडणी करून त्यात डाळ, लहान लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, तेवढाच गूळ, एक चमचा गोडा मसाला, तिखट व मीठ घालून उकळी आणावी. वर ओले खोबरे आणि कोथिंबीर. ही आमटी भातावर घेतली असता कांद्याची आठवण कोणास होईल? चातुर्मासात बहुतेक घरी वांगेही चालत नाही, म्हणून त्या दिवसांत भरली तोंडली करावीत. पाव किलो तोंडल्यांस अर्धी वाटी दाण्याचे कूट, दोन मोठे चमचे भाजलेल्या तिळाचे कूट, तितकेच सुके खोबरे, दीड चमचा गोडा मसाला, तिखट, मीठ, गूळ आणि चिंच यांचे सारण भरून, हिंगाच्या फोडणीवर, ताटात पाणी ठेवून मंद आचेवर वाफवावी. अळूची पातळ भाजी घ्या: अळू, आंबट चुका, भिजविलेली हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, आणि दाटपणासाठी डाळीचे पीठ. यांतील एकाही पदार्थात कांदा ‘गाळलेला’ नाही. त्यास तेथे जागाच नव्हती.

कोणी म्हणेल, परंपरा जशीच्या तशी ठेवावी, तिच्यात शास्त्र पाहू नये. त्यांस आमचे नम्र सांगणे असे की, परंपरेने स्वतःच नवे स्वीकारले आहे. आपल्या उपवासाच्या ताटातील बटाटा, रताळे, शेंगदाणा, हिरवी मिरची आणि साबुदाणा ज्यापासून होतो तो कंद, ही सारी मूळची अमेरिका खंडातील. युरोपीयांच्या जहाजांतून ती आपल्याकडे आली आणि उपवासास चालू लागली. दुसऱ्या बाजूस कोणी म्हणेल, विज्ञानयुगात असले नियम हवेत कशाला. त्यांसही सांगावेसे वाटते की, कांदालसणात फ्रक्टन नावाचे एक कर्बोदक असते आणि काही जणांच्या, विशेषतः क्षोभशील आतड्यांचा विकार असणाऱ्यांच्या, पोटास ते सोसत नाही. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठात झालेल्या संशोधनावरून अशा रुग्णांस काही काळ कांदालसूण टाळण्याचा सल्ला डॉक्टर देतात. तेव्हा हा स्वयंपाक त्यांच्याही उपयोगी पडेल. याचा अर्थ कांदा सर्वांस अपायकारक आहे असा मात्र नव्हे. नाशिक जिल्ह्यातील लासलगावची कांद्याची बाजारपेठ साऱ्या देशात प्रसिद्ध आहे. त्या पिकावर ज्यांचा संसार चालतो त्या शेतकरी बांधवांच्या कष्टांस उणे लेखणारी सोवळेगिरी आम्हांस मान्य नाही.

या विद्येपुढील खरे संकट कांदा नव्हे. खरे संकट विस्मृतीचे आहे. जुन्या गृहिणी ‘अंदाजाने’ घालीत. तो अंदाज त्यांच्या हाताबरोबर जातो आणि मागे राहते ती केवळ मनाई. मनाई तेवढी उरली आणि कला गेली, तर पुढची पिढी मनाईही मोडील, आणि तिला दोष देता येणार नाही. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटीचमच्यांची मापे देऊन हजारो नवख्या हातांस धीर दिला, हे उदाहरण आपल्यापुढे आहे.

म्हणून संघापुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. पहिली, प्रत्येक शाखेने आपल्या भागातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडे बसून, त्यांच्या मुठीतील जिन्नस वाटीने मोजून, पाककृती लिहून घ्याव्यात आणि पुढील स्मरणिकेत छापाव्यात. दुसरी, या स्वयंपाकाचे वर्ग सुट्टीत भरवावेत आणि त्यांत मुलांनाही मुलींइतकेच बसवावे. नोकरीनिमित्त परगावी व परदेशी राहणाऱ्या मुलास आमटीची फोडणी आली पाहिजे. संयमाचे व्रत सर्वांचे आणि चुलीचे कष्ट एकीचे, हा व्यवहार आता पुरे झाला. तिसरी, संमेलनाच्या भोजनात उसन्या पदार्थांची नक्कल न करता आपलेच पदार्थ नीट करावेत, आणि त्या पंक्तीस इतर समाजांतील स्नेह्यांस आग्रहाने बोलवावे. ताटात मीठ-लिंबाच्या डावीकडे चटणी-कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी वाढली जाते. परंतु पंक्तीत कोण कोणाच्या डावीउजवीकडे बसले, याचा हिशेब मात्र कोणी ठेवू नये.

ज्याच्या घरी चातुर्मास पाळला जातो त्याने तो आनंदाने पाळावा. ज्याच्या घरी पाळला जात नाही त्याने ही आमटी तरी शिकून घ्यावी. नियम ज्याचा त्याचा, पण विद्या सर्वांची.