जठराचा कर्करोग आणि पेशींतील दुरुस्ती

एकाच चुलीवरचे अन्न खाऊन वाढलेल्या दोन भावांपैकी एकाला जठराचा कर्करोग व्हावा आणि दुसऱ्याने सुखाने नव्वदी गाठावी, असे आपण पाहतो. ‘ज्याचे त्याचे नशीब’ असे म्हणून आपण मोकळे होतो. ह्या नशिबाचा थोडासा अंश आता मोजता येऊ लागला आहे, त्याविषयी आज बोलावयाचे आहे.

आपल्या पेशींत डी.एन.ए. नावाचा जो दुपेडी धागा असतो, त्याची मोडतोड अखंड चालू असते आणि दुरुस्तीही. ही दुरुस्ती कशी होते हे दाखविल्याबद्दल लिंडाल, मॉड्रिच व सँजार ह्या तिघांना २०१५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एक पेड तुटला, तर दुसऱ्यावरून तो जोडता येतो. दोन्ही पेड एकदम तुटले म्हणजे मात्र खरी पंचाईत! कचेरीतला फाटलेला कागद आपण जसा नकलेवरून पुन्हा लिहून काढतो, तशी पेशी त्याच मजकुराची दुसरी प्रत समोर ठेवून तुटलेला भाग भरून काढते. बी.आर.सी.ए.-१, बी.आर.सी.ए.-२, पी.ए.एल.बी.-२ आणि ए.टी.एम. ही जनुके ह्या कामी लागतात. काहींना त्यांतले एखादे सदोष जनुक आईकडून वा वडिलांकडून वारशाने येते.

ह्या कथेतले दुसरे पात्र म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे वॉरन व मार्शल यांनी १९८२ साली तो हाती आणला. कोणी विश्वास ठेवीना, तेव्हा १९८४ साली मार्शलसाहेबांनी तो स्वतःच पिऊन पाहिला! हा जंतू जठराच्या अस्तरातील पेशींच्या धाग्याचे दोन्ही पेड तोडतो.

जपानी संशोधकांनी २०२३ साली ह्या दोहोंची सांगड घातली. जंतुबाधा आहे पण जनुके निर्दोष आहेत, अशांना पंच्याऐंशी वर्षांपर्यंत हा कर्करोग होण्याचा संभव शेकडा सुमारे १४ आढळला. बाधेच्या जोडीला त्या चारांपैकी एखादे जनुकही सदोष असेल, तर तो सुमारे ४५ वर गेला. सदोष जनुकाची माणसे थोडी असल्यामुळे हा आकडा २१ पासून ६३ पर्यंत कोठेही असू शकेल, हे मात्र विसरू नये. जनुकही निर्दोष आणि जंतूही नाही, अशांत तो पाचांहून कमीच होता. जनुक बदलता येत नाही. जंतू मात्र प्रतिजैविके आणि आम्ल कमी करणारे औषध एक-दोन आठवडे घेतल्याने बहुधा जातो. म्हणून ज्यांच्या घराण्यात हा रोग आहे, त्यांनी जंतूची तपासणी करून घेण्यात अर्थ आहे, असे मला वाटते.

आपल्या देशात हा जंतू कोट्यवधींच्या पोटात आहे, तरी जठराचा कर्करोग जपानच्या मानाने पुष्कळच कमी आढळतो. अपवाद मिझोरामचा. तेथील धुरावर राखलेले मांस आणि ‘तुइबुर’ नावाचे तंबाखूच्या धुराने भारलेले पाणी, ह्यांच्याकडे संशोधक बोट दाखवितात.