काच, कव्हर आणि विमा

मोबाइल हातातून निसटला की तो बहुधा कोपऱ्यावर आपटतो. धक्का तिथून थेट काचेत शिरतो आणि पडदा तडकतो. म्हणून कव्हर घेताना रंगाआधी कोपरे पाहा. ते जाड, मऊ हवेत आणि कड पडद्याहून किंचित वर हवी. म्हणजे फोन सपाट फरशीवर पालथा पडला तरी काच टेकत नाही.

स्क्रीनगार्डच्या पाकिटावर ‘९ एच’ लिहिलेलं असतं. हे माप पेन्सिलीच्या शिशाने ओरखडा उठतो का, या चाचणीचं. खनिजांच्या मोहस श्रेणीतलं ९, म्हणजे माणकाचा कठीणपणा, तो हा नव्हे. वाळूत क्वार्ट्झ असतं, त्याचा कठीणपणा ७. काचेचा साधारण साडेपाच ते सहा. त्यामुळे समुद्रावरून आलात की फोन पुसण्याआधी वाळू झटकून टाका. स्क्रीनगार्ड असे चरे स्वतःवर घेतं, हेच त्याचं मोठं काम.

चोरी मात्र कव्हरला अडवता येत नाही. तिथे विमा. पण अटी वाचाच. चोरीचं संरक्षण अनेकदा वेगळं घ्यावं लागतं, दाव्यातली काही रक्कम आपल्याच खिशातून जाते, आणि फोन कुठे विसरलात तर बहुतेकदा भरपाई नाही. माझं मत विचाराल, तर दहा-बारा हजारांच्या फोनला चांगलं कव्हर पुरे. पडदा बदलायचा खर्चच झेपणार नसेल, तर विमा घ्या. आणि बिल जपून ठेवा. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबल्यावर दिसणारा आयएमईआय क्रमांकही आजच वहीत उतरवून घ्या.