शोधास गेलेल्यांचा शोध

युद्धांत मनुष्य मरतो तो शत्रूच्या हातूनच मरतो, अशी घरीं बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्याची सहज समजूत असते. दुसऱ्या महायुद्धांतील विमानदलांचे हिशेब पाहिले म्हणजे ही समजूत किती अपुरी आहे, तें ध्यानांत येतें. एकट्या अमेरिकेच्या लष्करी विमानदलाचे सुमारें १५,००० लोक त्या वर्षांत स्वतःच्या देशाच्या भूमीवरच, शत्रूचें एकहि विमान दृष्टीस न पडतां, अपघातांत प्राणांस मुकले. त्यांत शिकाऊ मुलांचा भरणा मोठा होता. परंतु ज्यांचें शिक्षण पुरें झालें होतें, असे कसलेले वैमानिकहि धुकें, डोंगर, बर्फ आणि समुद्र यांच्यापुढें हरले. गस्त घालणाऱ्या आणि हरवलेल्यांना शोधणाऱ्या विमानांच्या वांट्याला आलेला धोका तर निराळ्याच जातीचा होता.

बाँब टाकणारें विमान ठरलेल्या जागीं जातें आणि परत फिरतें. गस्तीच्या विमानाला असें ठरलेलें स्थळ नसतें. समुद्राचा एकेक तुकडा तासन्‌तास नजरेखालून घालावयाचा. पाणबुडीची मान किंवा तराफ्यावरचा एखादा जीव दिसावा म्हणून ढगांच्याहि खालीं उतरावयाचें. आणि संध्याकाळीं पेट्रोल सरत आलें असतां, सकाळीं जो किनारा लख्ख दिसत होता तो धुक्यांत बुडालेला पाहावयाचा, असें तें काम. ३१ जानेवारी १९४४ रोजीं बिस्केच्या उपसागरावरील गस्त आटोपून परतणारें ‘संडरलंड’ जातीचें एक ब्रिटिश सी-प्लेन खराब हवेमुळें वेल्समधील आपलें ठाणें सोडून उत्तर आयर्लंडकडे वळविण्यांत आलें. विमानांत बारा जण होते. रात्रीं तें डोनेगॉल परगण्यांतील ब्लू स्टॅक नांवाच्या डोंगरावर आदळलें आणि सात जण गेले. त्या विमानाचें इंजिन बिघडलें नव्हतें, कीं त्याला गोळीहि लागली नव्हती. डोंगर होता तेथेंच होता. तो दिसला नाहीं, इतकेंच.

शोधास निघालेल्या विमानाची स्थिति याहूनहि बिकट. जी जागा एका विमानाला गिळून बसली, नेमक्या त्याच जागीं, त्याच ऋतूंत आणि पुष्कळदां त्याच हवेंत त्याला जावें लागतें. १९४२ सालच्या हिंवाळ्यांत ग्रीनलंडच्या बर्फावर जें घडलें, त्याचा वृत्तांत या दृष्टीनें समजून घेण्यासारखा आहे.

शाळेच्या भिंतीवरील जुन्या नकाशांत ग्रीनलंड हें बेट आफ्रिकेएवढें दिसे. नकाशाच्या रीतीमुळें ध्रुवाजवळचे प्रदेश फुगलेले दिसतात. खरें पाहतां तें आफ्रिकेच्या एका कोपऱ्यांत मावेल. तरीहि त्यावर पसरलेला बर्फाचा थर सुमारें १७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आजच्या महाराष्ट्राच्या पांचपटींहून अधिक आहे, आणि मध्यभागीं त्याची जाडी १०,००० फुटांपर्यंत जाते. कडेला हा थर समुद्राकडे सरकत असतो, आणि सरकतांना फाटतो. त्या भेगा शंभर-शंभर फूट व त्याहूनहि खोल असतात, आणि वरून भुसभुशीत बर्फाचें पातळ झांकण पडल्यामुळें पायाखालीं काय आहे याचा पत्ता लागत नाहीं.

अशा या बेटावरून त्या वेळीं विमानांची वर्दळ सुरू होती. अमेरिकेंत तयार झालेलीं विमानें इंग्लंडला पोंचविण्यासाठीं लॅब्राडॉर, ग्रीनलंड, आइसलंड असा टप्प्याटप्प्यांचा मार्ग बांधण्यांत आला होता. ५ नोव्हेंबर १९४२ रोजीं आइसलंडहून येणारें सी-५३ जातीचें एक मालवाहू विमान ग्रीनलंडच्या आग्नेय भागांत बर्फावर उतरून पडलें. आंतील पांचहि जण जिवंत होते. त्यांचे बिनतारी संदेश क्षीण आवाजांत येत राहिले, पण ते नेमके कोठें आहेत याचा मेळ बसेना. म्हणून त्या मार्गावरून जाणारीं निरनिराळीं विमानें शोधाच्या कामाला लावण्यांत आलीं. त्यांतलेंच एक बी-१७, म्हणजे ज्याला लोक ‘उडता किल्ला’ म्हणत, तें बाँबफेकी विमान होतें. तें इंग्लंडकडे निघालेलें होतें. शोध हें त्याचें कामच नव्हे. लेफ्टनंट आर्मंड मॉन्टेव्हर्डे हे त्याचे मुख्य वैमानिक, आणि विमानांत एकंदर नऊ जण होते.

९ नोव्हेंबरला हें विमान कोगे नांवाच्या खाडीवरून बर्फाच्या बाजूस वळलें. पुढें काय झालें तें कळण्यासाठीं तेथील प्रकाशाचा एक गुण माहीत असला पाहिजे. आभाळ सारखें भरून आलेलें असलें आणि खालीं अखंड बर्फ असला, म्हणजे उजेड वरून, खालून व बाजूंनीं एकसारखा येतो; सावली अशी कशाचीच पडत नाहीं. क्षितिजाची रेघ पुसली जाते. अंधारांत निदान आपल्याला दिसत नाहीं हें मनुष्याला कळतें. येथें सारें लख्ख उजळलेलें असतें आणि दिसत मात्र कांहींच नाहीं. दुधाच्या भांड्यांत सोडलेल्या माशीसारखी वैमानिकाची गत होते. यंत्रांकडे पाहावें, तर त्या काळचें उंचीमापक हवेच्या दाबावर चालणारें. तें समुद्रसपाटीपासूनची उंची सांगे, पायाखालचा बर्फ किती वर चढत आला आहे तें सांगत नसे. होकायंत्राची सुई ध्रुवाच्या इतक्या जवळ उत्तरेपासून बरीच बाजूला ढळलेली असते. मॉन्टेव्हर्डे यांनीं परत वळण्याचा यत्न केला, तोंच पंख बर्फाला टेकला. विमान घसरत गेलें आणि मध्येंच मोडून त्याचे दोन तुकडे झाले. नवलाची गोष्ट अशी कीं, नऊहि जण वांचले.

आतां हरवलेल्यांची संख्या पांचाची चौदा झाली.

विमानाचें मोडलेलें शेपूट हेंच त्या नऊ जणांचें घर झालें. छत्र्यांच्या कापडानें त्याचें तोंड बंद केलें, तरी वारा आंत बर्फ भरीतच असे. ओहारा या मार्गदर्शकाचे पाय थोड्याच दिवसांत थंडीनें काळे पडले. दुय्यम वैमानिक स्पेन्सर हे एका झांकलेल्या भेगेंत खोल पडले. अडकून बसलेल्या एका बर्फाच्या लादीमुळें ते वांचले आणि छत्रीच्या दोऱ्यांनीं त्यांना वर ओढून काढण्यांत आलें. बिनतारीवाले लॉरेन हॉवर्थ यांनीं गोठलेल्या बोटांनीं, मोडलेल्या यंत्राचे तुकडे जुळवून, कित्येक दिवसांच्या खटपटीनें संदेश पाठविण्याची सोय केली. ही दुरुस्ती साधली नसती तर पुढील सारा वृत्तांतच घडला नसता. पराक्रमाच्या कथांमध्यें असल्या कारागिरीला पुरेशी जागा मिळत नाहीं, ही जुनीच तक्रार आहे.

किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या किनारा-रक्षक दलाचें ‘नॉर्थलंड’ हें जहाज होतें. त्यावर एक लहानसें, एका इंजिनाचें, दुहेरी पंखांचें विमान असे. पाण्यावर उतरतां यावें म्हणून पोटाखालीं मोठा पोकळ तराफा बसविलेला, त्यामुळें त्याचें नांवच ‘डक’, म्हणजे बदक, पडलें होतें. लेफ्टनंट जॉन प्रिचर्ड हे त्याचे वैमानिक, आणि बेंजामिन बॉटम्स हे बिनतारीवाले. प्रिचर्ड यांनीं त्याच महिन्यांत, दुसऱ्याच एका पडलेल्या विमानांतील तीन कॅनडियन वैमानिकांना, रात्रीच्या वेळीं किनाऱ्यावर माणसें घेऊन जाऊन सोडवून आणलें होतें. बर्फ त्यांना नवा नव्हता.

२८ नोव्हेंबरला प्रिचर्ड यांनीं बदकाचीं चाकें आंत ओढून घेऊन तें पोटावरच बर्फावर उतरविलें. चाकें खालीं असतीं तर तीं रुतून विमान उलथलें असतें. पाण्यासाठीं केलेला तराफा येथें घसरगाडीसारखा उपयोगी पडला. बॉटम्स विमानापाशीं राहिले आणि प्रिचर्ड भेगांमधून वाट काढीत पडलेल्या लोकांपर्यंत चालत गेले. बदकाच्या पोटांत जागा दोनच माणसांची. दोघांना घेऊन ते उडाले, आणि अंधार पडल्यावर जहाजाच्या दिव्यांच्या झोतांत खाडीच्या पाण्यावर सुखरूप उतरले. नऊपैकीं दोघांची सुटका झाली.

दुसऱ्या दिवशीं प्रिचर्ड पुन्हां निघाले. त्याच सुमारास बर्फावरील एका लहान लष्करी ठाण्याहून लेफ्टनंट मॅक्स डेमोरेस्ट आणि सार्जंट डॉन टेटली हे दोघे दोन मोटार-घसरगाड्या घेऊन मोडक्या विमानापाशीं येऊन पोंचत होते. डेमोरेस्ट हे सैन्यांत येण्यापूर्वीं हिमनद्यांचे अभ्यासक होते. बर्फ कसा वाहतो व कसा फाटतो, हाच त्यांच्या संशोधनाचा विषय. विमान नजरेच्या टप्प्यांत आलें असतां बर्फाचें झांकण खचलें आणि गाडीसकट ते खोल भेगेंत गेले. ते परत वर आले नाहींत. विद्येचा उपयोग नसतो असें यावरून कोणी म्हणूं नये. पण झांकलेली भेग पंडिताला ओळखीत नाहीं, हें खरें.

बदक उतरलें तेव्हां ही बातमी प्रिचर्ड यांना कळली. मदतीला माणसें व दोर हवे होते आणि हवा झपाट्यानें बिघडत होती. हॉवर्थ यांना बरोबर घेऊन त्यांनीं तत्काळ उड्डाण केलें. थोड्याच वेळांत बॉटम्स यांचे संदेश जहाजावर येऊं लागले. हवा कशी आहे तें विचारणारे, आणि जहाजाची दिशा कळावी म्हणून खूण मागणारे. आवाज मंद मंद होत गेला आणि थांबला. कांहीं दिवसांनीं एका विमानांतून बदकाचे अवशेष बर्फावर पडलेले दिसले. जवळपास जिवंतपणाची खूण नव्हती.

सहा जण व त्यांच्याबरोबर टेटली असे सात आतां मोडक्या शेपटापाशीं उरले. डिसेंबरच्या आरंभीं उरलेल्या घसरगाडीवर ओहारांना निजवून स्पेन्सर, टेटली आणि क्लॅरेन्स वेडेल हे ठाण्याकडे निघाले. फार दूर गेले नव्हते तोंच वेडेल भेगेंत नाहींसे झाले. पुढें कांहीं मैलांवर गाडीचें इंजिन बंद पडलें, आणि उरलेल्या तिघांनीं बर्फांत बीळ खणून दोन महिने काढले. मागें शेपटांत मॉन्टेव्हर्डे, बेस्ट आणि स्पायना हे तिघे होते. या दोन्ही तळांवर केनेथ टर्नर नांवाचे एक वैमानिक दुसऱ्या बी-१७ मधून, हवा जरा उघडली कीं येऊन, अन्न, कपडे व इंधन टाकून जात. न उतरतां, न थकतां हिंवाळाभर हें काम चाललें. सर्व मंडळींत ज्यांचें नांव सर्वांत कमी घेतलें जातें, असे बहुधा हेच.

अखेर नॉर्वेंत जन्मलेले कर्नल बर्न्ट बाल्खेन, १९२९ सालीं बर्ड यांच्याबरोबर दक्षिण ध्रुवावरून उडालेल्या विमानाचे वैमानिक, यांनीं प्रिचर्ड यांचीच युक्ति मोठ्या प्रमाणावर योजिली. दोन इंजिनांचें ‘कॅटालिना’ सी-प्लेन पोटावर बर्फांत उतरवून फेब्रुवारी १९४३ मध्यें बिळांतील तिघांना बाहेर काढण्यांत आलें. ओहारा यांचे दोन्ही पाय कापावे लागले. शेपटांतील तिघांकडे मात्र भेगांमुळें विमान जवळ उतरवितां येईना. कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन माणसें चालत गेलीं. ६ एप्रिल १९४३ रोजीं ते तिघे त्या बर्फावरून उडाले. पडल्यापासून तो १४८ वा दिवस होता.

या साऱ्याचा हिशेब मांडूं गेल्यास तो असा होतो : पांच हरवलेल्यांच्या शोधापायीं प्रिचर्ड, बॉटम्स, हॉवर्थ, डेमोरेस्ट आणि वेडेल असे पांच गेले, आणि मूळचे पांच तर मिळालेच नाहींत. पाटीवर मांडलें तर हें उदाहरण चुकलें असेंच म्हणावें लागेल. पहिला दिवस यशस्वी झाल्यावर दुसऱ्या दिवशीं हवा पाहून थांबावयास हवें होतें, असेंहि म्हणतां येईल. आणि त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. पण प्रिचर्ड यांच्यापुढें असलेलें गणित निराळें होतें. खालीं एक मनुष्य नुकताच भेगेंत पडला होता, आणि तो जिवंत आहे कीं नाहीं हें कोणालाच ठाऊक नव्हतें. शिवाय त्या मार्गानें रोज विमानें जात होतीं. आपण पडलों तर कोणीतरी पाहावयास येईल, एवढ्या भरंवशावर पोरसवदा वैमानिक तो मार्ग आक्रमीत असत. हा भरंवसा किती माणसांच्या मोलाचा, याचा आंकडा कोणत्या पाटीवर मांडावयाचा?

प्रिचर्ड आणि बॉटम्स यांना मरणोत्तर शौर्यपदकें देण्यांत आलीं. बर्फ दरवर्षीं थरावर थर चढवीत गेला. २०१२ सालीं जमिनीच्या पोटांत पाहणारें रडार घेऊन एक तुकडी कोगे खाडीजवळ गेली. भोंक पाडून कॅमेरा खालीं सोडला, तेव्हां सुमारें ३८ फूट खोलीवर विमानाचे भाग दिसले, आणि तें बदकच असल्याचें किनारा-रक्षक दलानें २०१३ च्या आरंभीं जाहीर केलें. ज्या सी-५३ साठीं हें सर्व घडलें, त्याच्या पांच जणांचे संदेश १९४२ च्या नोव्हेंबरांतच थांबले होते. तें विमान नंतर कोणाच्या दृष्टीस पडलें नाहीं.