वजनाच्या ऑपरेशननंतरचं पोट: डम्पिंग, उलट्या आणि आपलं खान्देशी ताट

(या भागाचं हे शब्दांकन आहे. बोलण्यातली लकब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मी चाळीसगावहून बोलतेय. घर स्टेशनच्या बाजूला आहे, मध्येच गाडीची शिट्टी ऐकू आली तर समजून घ्या. आणि एक आधीच सांगते, आजचा विषय पोटाचा आहे. म्हणजे उलटी, जुलाब, वायू हे सगळं येणार. जेवता जेवता ऐकत असाल तर थांबवा, हात धुऊन मग ऐका.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. २०१९ साली माझं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं, स्लीव्ह नावाचं. तेव्हा वजन ११८ किलो होतं, शुगरच्या दोन गोळ्या चालू होत्या आणि शाळेचा जिना चढताना मधल्या पायरीवर थांबावं लागायचं. आज वजन ७६ आहे. पण वजनाची गोष्ट मी सांगणार नाही. ती सगळेच सांगतात, आधीचा फोटो, नंतरचा फोटो. त्या दोन फोटोंच्या मधे पोटात काय काय चालतं, ते कोणी सांगत नाही.

आपल्याकडे या ऑपरेशनचं नाव घराघरात गेलं ते २०११ मध्ये. नितीन गडकरी तेव्हा भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष होते, त्यांनी ते करून घेतलं आणि लपवलंही नाही. मला आजही लोक विचारतात, "मॅडम, गडकरीसाहेबांनी केलं तेच का?" मग २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमदला मुंबईला आणलं, तेव्हा महिनाभर टीव्हीवर तेच चालू होतं. त्यामुळे 'पोट कापतात' एवढं सगळ्यांना माहीत झालं. कापल्यावर काय, हे मात्र माहीत नाही.

तर थोडक्यात. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण पाऊण भाग काढून टाकतात, उरते ती एक नळी, केळ्याएवढी म्हणा. जळगाव जिल्ह्यात राहून केळ्याशिवाय दुसरी उपमा कुठून आणू? बायपासमध्ये जठराची अगदी छोटी पिशवी करतात आणि तिला लहान आतडं थेट जोडतात. दोन्हीत भूक कमी होते, पोट लवकर भरतं. पण जठराचं मुख्य काम काय होतं? अन्न धरून ठेवायचं, घुसळायचं आणि थोडं थोडं पुढे सोडायचं. आता धरून ठेवायला जागाच नाही. बरेचसे त्रास या एका गोष्टीतून निघतात.

पहिला त्रास डम्पिंग. माझा पहिला अनुभव आखाजीचा. ऑपरेशनला तीन महिने झाले होते. हॉस्पिटलच्या कागदावर लिहिलं होतं 'मऊ आहार'. आमरसापेक्षा मऊ काय असतं? माहेरी आईने अर्धी वाटी रस दिला, मी चमच्याचमच्याने खाल्ला. पंधरा मिनिटांत छाती धडधडायला लागली, कपाळावर घाम, हातपाय गार, पोटात पीळ, आणि मग संडासाकडे धाव. आईला वाटलं, दृष्ट लागली. मला वाटलं, हार्ट अटॅक. अर्ध्या तासाने सगळं शांत, जसं काही झालंच नव्हतं.

झालं होतं असं, की गोड पातळ पदार्थ जठरात न थांबता एकदम आतड्यात उतरला. इतकी साखर एका वेळी आली की आतडं ती पातळ करायला अंगातलं पाणी आत ओढून घेतं. म्हणून पोट फुगतं, पीळ येतो, आणि रक्तातलं पाणी कमी झालं म्हणून धडधड आणि चक्कर. हे झालं लवकरचं डम्पिंग, खाल्ल्यावर दहा मिनिटं ते तासाभरात येणारं. दुसरा प्रकार उशिराचा, एक ते तीन तासांनी. साखर भसकन वाढली म्हणून शरीर भरपूर इन्शुलिन सोडतं, आणि मग साखर गरजेपेक्षा खाली जाते. थरथर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, कधी चिडचिड. माझ्या वर्गातल्या पोरांनी ही चिडचिड पाहिली आहे. बायपासवाल्यांना हा त्रास जास्त, स्लीव्हवाल्यांना कमी, पण होतो.

गंमत म्हणजे हा रोग वजनाच्या ऑपरेशनपेक्षा जुना आहे. अल्सरसाठी जठर कापायचे ना पूर्वी, त्या रुग्णांमध्ये डॉक्टरांनी तो शंभर वर्षांपूर्वीच पाहिला होता. आणि अमेरिकेतल्या एडवर्ड मेसन नावाच्या सर्जनने तेच पाहून, की जठर कापलेली माणसं बारीक होतात, १९६६ साली वजनासाठी पहिलं बायपास केलं. म्हणजे त्रास आधी माहीत होता, उपयोग नंतर सापडला. म्हणून कोणी सांगितलं की 'हे तुमच्या मनाचे खेळ आहेत', तर ऐकून घेऊ नका.

आता उपाय. गोड पातळ बंद. उसाचा रस, कोल्ड्रिंक, शिकरण, लग्नातलं सरबत, सगळं. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. हे आपल्याला फार जड जातं, कारण आपला ठेचा पाण्याशिवाय गिळला जात नाही. मग ठेचाच कमी करायचा, दुसरं काय. ताटाचा क्रम उलटा करायचा: आधी डाळ, अंडं किंवा पनीर, मग भाजी, आणि पोटात जागा उरली तर भाकरी. आपल्याकडे भाकरी म्हणजे जेवण आणि बाकी सगळं तोंडी लावणं, त्यामुळे घरच्यांना हे विचित्र वाटतं. आई म्हणायची, "इतलंसं खाईसन कसं व्हई?" तिला समजवायला मला वर्ष लागलं.

उशिराच्या डम्पिंगमध्ये साखर खरंच खाली गेली असेल तर थोडं गोड घ्यावंच लागतं, पण नुसतं गोड घेऊन थांबलात तर परत तेच चक्र सुरू होतं. वरून मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे घ्या. मी पर्समध्ये फुटाण्यांची पुडी ठेवते. शाळेत पोरांना वाटतं मॅडम चकणा खातात. वारंवार होत असेल तर डॉक्टर साखर हळू शोषली जावी म्हणून गोळीही देतात, ते त्यांचं त्यांना विचारा.

आपल्या पदार्थांबद्दल मला खूप विचारतात, तर माझ्या पोटाचा अनुभव सांगते, तुमचं पोट वेगळं असू शकतं. भरीत चालतं, मऊ असतं, फक्त मिरची आणि तेल निम्म्यावर आणायचं. शेवभाजीची तर्री नाही, पहिलं वर्ष तर नाहीच. मूगडाळीची खिचडी उत्तम, पण चावून. उडदाची घोटलेली डाळ मला वायू करते, शेजारच्या काकूंना करत नाही. ज्वारीची भाकरी डाळीत कुस्करून जाते, पण मऊ पोळी किंवा पाव गोळा होऊन अडकतो. हे उलटं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. केळं अर्धं, तेही सोबत चार शेंगदाणे खाऊन. दूध ऑपरेशननंतर अनेकांना पचेनासं होतं, गॅस आणि जुलाब होतात. त्यांना दही-ताक बहुधा चालतं. कानबाईचे रोट मी खाते, एक घास. देवीची काही तक्रार आलेली नाही.

अडकणं हा दुसरा त्रास. घास मोठा गेला किंवा घाई झाली की छातीच्या मधोमध दगड ठेवल्यासारखं होतं, तोंडाला फेसाळ पाणी सुटतं आणि उलटी होते. शाळेची मधली सुट्टी किती असते तुम्हाला माहीत आहे. त्यात वीस मिनिटं चावत बसणं म्हणजे निम्मा डबा परत. मी डबाच दोन केले. एक लहान सुट्टीत, एक मोठ्या.

पण उलटीबद्दल जे सांगायचं आहे ते याहून गंभीर आहे, आणि खरं तर त्यासाठीच मी बोलायला तयार झाले.

ओळखीतल्या एक ताई आहेत, तालुक्यातल्याच. नाव-गाव सांगत नाही. ऑपरेशन मोठ्या शहरात झालं. दीड महिन्याने उलट्या सुरू झाल्या, काहीच टिकेना. तीन आठवडे असंच. घरचे म्हणाले, अशक्तपणा आहे, बाटली लावू. आपल्याकडे अशक्तपणाला औषध एकच, सलाईन. ग्लुकोजच्या बाटल्या लागल्या. दोन दिवसांनी त्यांना एकाचे दोन दिसायला लागले, चालताना झोक जायला लागला, नंतर बोलणं असंबद्ध. कोणाला काही कळेना. कोणी अर्धांगवायू म्हणालं, कोणी बाहेरचं आहे म्हणालं. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, "हिचं पोटाचं ऑपरेशन झालंय का?" आणि व्हिटॅमिन बी-वन शिरेतून सुरू केलं. डोळे सुधारले, भान आलं. पण आजही त्या अंधारात भिंतीला हात लावून चालतात.

यातलं शास्त्र समजून घ्या. बी-वन, म्हणजे थायमिन, शरीरात दोन-तीन आठवड्यांपुरतंच साठलेलं असतं. सतत उलट्या म्हणजे साठा संपला. आणि ग्लुकोज वापरायला शरीराला थायमिन लागतं. साठा संपलेला असताना नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलंही खर्च होतं आणि मेंदूला इजा होते. म्हणून आधी थायमिन, मग ग्लुकोज. हे प्रत्येक मेडिकलच्या पुस्तकात आहे. पण रात्री दहा वाजता दवाखान्यात तुम्ही बोलायच्या अवस्थेत नसाल आणि सोबत आलेल्या भाच्याला ऑपरेशनचं नावही माहीत नसेल, तर पुस्तकातलं तिथे पोचणार कसं?

मी एक कार्ड लॅमिनेट करून घेतलंय, पर्समध्ये असतं, फोटो नवऱ्याच्या मोबाइलमध्ये आहे. त्यावर ऑपरेशनचा प्रकार, तारीख, आणि ठळक अक्षरात: 'उलट्या होत असतील तर ग्लुकोजआधी थायमिन द्या.' खर्च तीस रुपये. पहिल्यांदा दाखवलं तेव्हा आमचे फॅमिली डॉक्टर रागावले नाहीत, उलट कार्डाचा फोटो काढून घेतला.

बाकीचं भराभर सांगते. बद्धकोष्ठ: पाणी कमी आणि लोहाची गोळी, दोन्हींमुळे. दिवसाला दीड लिटर पाणी घोट घोट करत जायला हवं. आमच्या उन्हाळ्यात त्याहून जास्त. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, मधे दोन तास जाऊ द्या, आणि लोहाच्या गोळीवर चहा नको. बी-ट्वेल्व्ह आयुष्यभर. ते शोषायला जठरातून येणारा एक घटक लागतो, आणि जठरच उरलं नाही. शाकाहारी असाल, शुगरसाठी मेटफॉर्मिन घेत असाल, तर आणखीच कमी पडतं. हातापायाला मुंग्या आल्या की 'वय झालं' म्हणू नका, रक्त तपासा. प्रथिनं दिवसाला साठ ग्रॅमच्या आसपास सांगतात. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, म्हणजे हिशोब करा, नुसत्या डाळीच्या पाण्यावर ते होणार नाही.

जळजळ: स्लीव्हनंतर आम्लपित्त वाढतं बऱ्याच जणांचं. माझं वाढलं. रात्री झोपण्याआधी तीन तास काही खात नाही आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवल्यात. पाहुणे हसतात.

आणि अंगदुखीच्या गोळ्या. आपल्याकडे गुडघा दुखला की मेडिकलवरून आणून खातात. बायपासवाल्यांनी आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या घेतल्या तर जोडाच्या जागी अल्सर होतो, तो फुटूही शकतो. मशेरी, तंबाखू, विडी यांनीही तेच. दुकानदाराला सांगा, पॅरासिटॅमॉलच दे.

पोट कधी दुखलं तर घाबरायचं? उजव्या बरगडीखाली, जेवणानंतर, पाठीकडे जाणारी कळ म्हणजे पित्ताशयात खडे असू शकतात. वजन झपाट्याने उतरताना ते होतात, म्हणून काही डॉक्टर पहिले सहा महिने त्यासाठी गोळी देतात. आणि बायपास होऊन दोन-चार वर्षं झाली असली तरी येऊन-जाऊन जोराची कळ येत असेल तर आतडं आतल्या आत अडकलेलं असू शकतं. साध्या एक्स-रेत ते दिसेलच असं नाही. तेव्हा ओवा-सोडा खात बसू नका. ऑपरेशन झालंय हे सांगून सिटी स्कॅनबद्दल विचारा, रात्र असली तरी गाडी काढा. जळगाव, धुळे, नाशिक, जिथे सर्जन असेल तिथे.

शेवटी प्रवास. बायकांनी मला सगळ्यात जास्त हेच विचारलंय, दबक्या आवाजात. एसटीने कन्नड घाटातून जायचं आणि मधेच पोटात कळ आली तर? मी प्रवासाआधी दोन तास फक्त ओळखीचं खाते, डाळ-भात नाहीतर अंडं. स्टँडवरचा चहा नाही, कोणी प्रेमाने दिलेला पेढा नाही. शक्य असेल तिथे रेल्वे, तिच्यात संडास तरी असतो. आणि दरवाजाजवळची सीट.

पुढच्या भागात केस गळणं आणि लोंबणाऱ्या कातडीबद्दल बोलू. कार्डाचा मजकूर हवा असेल तर खाली दिलाय, मराठीत. तुमच्या डॉक्टरांना दाखवून, ऑपरेशनची तारीख घालून छापून घ्या.