तारणाची खात्री आणि ईश्वरी इच्छेचे पालन

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत निफाड येथे केलेले भाषण)



वर्षभरातील कामाचा आणि जमाखर्चाचा तपशील या अहवालात अन्यत्र दिलेला आहे. आकड्यांत न मावणारी एक गोष्ट मात्र आज आपल्यापुढे ठेवावी, असे आम्हांस वाटते.

गेल्या हिवाळ्यात, निफाडची थंडी ऐन भरात असताना, कांद्याच्या खळ्यावर मजुरी करणाऱ्या एका वृद्ध मातेला शस्त्रक्रियेसाठी दाखल केले होते. संमतिपत्रावर अंगठा उमटवल्यावर तिने आमचा हात धरला आणि विचारले, "बाबा, देव माझ्यावर रागावला आहे का? माझी श्रद्धा कमी पडली म्हणून हे दुखणं आलं का?" आम्ही तिच्यासाठी प्रार्थना केली, धीर दिला, परंतु सरळ उत्तर त्या वेळी देता आले नाही. आजचे हे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर होय.

निफाड हे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे जन्मगाव. 18 जानेवारी 1842 रोजी ते येथे जन्मले. रानडे प्रार्थना समाजाचे धुरीण होते, ख्रिस्ती नव्हते. परंतु मराठी ख्रिस्ती समाजातील एका थोर स्त्रीच्या चरित्रात त्यांचे नाव दोनदा महत्त्वाच्या ठिकाणी येते. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई. आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्यांच्याच जीवनात गवसले.

1858 साली जन्मलेल्या रमाबाईंनी तरुण वयातच दुष्काळात आईवडील व थोरली बहीण गमावली. पुढे भाऊ गेला आणि विवाहानंतर दोन वर्षांच्या आत, 1882 मध्ये, पतीही गेले. पदरात तान्ही मनोरमा. त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या आणि रानडे व त्यांच्या सहकाऱ्यांच्या पाठिंब्याने त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. हंटर आयोगापुढे साक्ष देताना हिंदुस्थानातील स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात, असे त्यांनी आग्रहाने सांगितले. आपणही डॉक्टर व्हावे या इच्छेने 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. परंतु त्यांना ऐकू कमी येऊ लागले होते आणि वाढत्या बहिरेपणामुळे वैद्यकीय शिक्षणाचे द्वार बंद झाले. रुग्णसेवेची ओढ असलेल्या एका विधवेला देवाने ही वाट का नाकारली असेल? तेव्हा त्याचे उत्तर कोणापाशी नव्हते.

त्याच वर्षी 29 सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्मा झाला म्हणजे सर्व झाले, असे आपण समजतो. रमाबाईंचे तसे झाले नाही. पुढे 1907 मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी प्रांजळपणे कबूल केले की, त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता. पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त अद्याप गवसला नव्हता. प्रार्थना होती, अभ्यास होता, शारदा सदनासारखे थोर कार्यही हाती होते. मनाला स्वस्थता मात्र नव्हती. 1891 च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. पौरोहित्य करीत असतानाच, स्वतःच्याच उपदेशाच्या वेळी ज्याचे अंतःकरण पालटले, असा हा मनुष्य. ते वाचून रमाबाईंना आपली उणीव उमगली. बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षांनी त्यांना तारणाची खात्री लाभली.

ही खात्री कशावर उभी असते, हे नीट समजून घेतले पाहिजे. मी किती प्रार्थना केली, किती दान दिले, माझी श्रद्धा किती बळकट, यांवर ती उभी असेल तर ती रोज डळमळेल. कारण तापाने फणफणलेल्या माणसाला प्रार्थनेचे शब्दही आठवत नाहीत. शुभवर्तमान सांगते की, तारण हे ख्रिस्ताने वधस्तंभावर पूर्ण केलेल्या कार्याचे फळ आहे आणि ते कृपेने मिळते. दोरीला धरणाऱ्याचा हात अशक्त असला, तरी दोरी बळकट असली की तो वर येतो. आणि आमची श्रद्धा तर असे सांगते की, वर ओढणाऱ्याने आपला हात आधीच पकडलेला असतो.

मग आज्ञापालनाचे काय? काहींना वाटते, देवाची इच्छा पाळली तर तारण मिळेल. क्रम उलट आहे. मूल आईची आज्ञा पाळते ते आई मिळावी म्हणून नव्हे. आई आपली आहे म्हणून. रमाबाईंचे जीवन याची साक्ष देते. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातील उपाशी मुलींची स्थिती ऐकताच त्यांना आपले बालपण आठवले आणि त्या तिकडे धावल्या. हाताशी पुरेसा पैसा नव्हता. प्लेगमुळे पुण्यात मुलींना ठेवणे अशक्य झाले, तेव्हा उत्पन्नासाठी घेतलेल्या केडगावच्या शेतावर त्यांना नेले. तेच पुढे मुक्ती सदन झाले आणि 1900 च्या दुष्काळानंतर तेथील संख्या सुमारे दोन हजारांवर पोहोचली. वैद्यकीचे द्वार बंद झालेल्या त्या स्त्रीच्या हातून किती जीव वाचले, याचा हिशेब आता कोण करील?

आज्ञापालन म्हणजे माणसांपुढे मान तुकवणे नव्हे, हेही रमाबाईंनी दाखवले. इंग्लंडमध्ये असताना धर्माधिकाऱ्यांनी घातलेली बंधने त्यांनी प्रश्न केल्यावाचून स्वीकारली नाहीत. आपली सद्सद्विवेकबुद्धी देवाच्या वचनाला बांधलेली आहे, कोणा अधिकाऱ्याला नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. रुग्णालयात ही गोष्ट विशेष ध्यानी ठेवावी लागते. "देवाची इच्छा" असे म्हणून रुग्णाची गोळी बंद करणारा नातेवाईक, किंवा "तुझी श्रद्धा कमी" असे म्हणून दुखणाइतास आणखी दुखावणारा उपदेशक, हे दोघेही आपलीच इच्छा देवाच्या नावावर खपवीत असतात. औषध वेळेवर घेणे हेसुद्धा आज्ञापालनच आहे.

येथे रानड्यांचे नाव दुसऱ्यांदा येते. 1889 मध्ये सुरू झालेल्या शारदा सदनाच्या सल्लागार मंडळात ते होते. सदनात धर्माबाबत तटस्थता राहील, असे ठरले होते. पुढे काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या; त्यावरून मोठे वादळ उठले आणि 1893 मध्ये रानडे व डॉ. भांडारकर मंडळातून बाहेर पडले. आपली प्रार्थना चोरून का करावी, हा रमाबाईंचा प्रश्न खरा होता. आश्रयाला आलेल्या मुलींच्या पालकांचा विश्वास मोडू नये, ही रानड्यांची चिंताही खरी होती. या दोघांपैकी एकाला खोटे ठरवणे आम्हांस जमत नाही. परंतु या इतिहासातून आम्ही एक नियम शिकलो आहोत: खाटेवर पडलेला मनुष्य असहाय असतो, त्याच्या असहायतेचा लाभ श्रद्धेने कधीही घेऊ नये. आमच्या येथे प्रार्थना मागणाऱ्यालाच मिळते, उपचार मात्र सर्वांना. दान देताना आपण आमच्यावर टाकलेल्या विश्वासाचा हाही एक भाग आहे.

शेवटी एक अवघड गोष्ट. तारणाची खात्री म्हणजे बरे होण्याची खात्री नव्हे. जुलै 1921 मध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी, त्यांच्या कार्याची वारस मनोरमा, त्यांच्या आधी गेली. खचलेल्या देहाने रमाबाई मराठी पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करीत राहिल्या आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्याही प्रभूकडे गेल्या. ज्याच्यावर देव रागावलेला असतो त्यालाच असे दुःख येते, असे म्हणावे तर रमाबाईंच्या बाबतीत ते कोण म्हणेल? स्वतः प्रभू येशूनेही गेथशेमाने बागेत दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनंती केली आणि मग पित्याची इच्छा स्वीकारली. म्हणजे रडून मागणे हे अविश्वासाचे लक्षण नव्हे. मागावे, उपचार करावेत आणि निकाल त्याच्या हाती सोपवावा.

म्हणून त्या मातेला आज आम्ही असे सांगू: आई, देव तुमच्यावर रागावलेला नाही. तुमची श्रद्धा मोजण्यासाठी त्याने हे दुखणे पाठवलेले नाही. शस्त्रक्रिया यशस्वी व्हावी म्हणून आमचे डॉक्टर आणि परिचारिका झटतील. पुढे जे होईल त्यात तो तुमच्याबरोबर असेल.

ज्यांच्या रुग्णांना घरी परत नेता आले त्यांच्या आनंदात आम्ही सहभागी आहोत. ज्यांना रिकाम्या हातांनी परतावे लागले, त्यांतील काही जण आज या सभेत बसले आहेत, हे आम्ही जाणतो. त्यांच्यापुढे आम्ही नम्रतेने मस्तक लववतो. देणगीदारांनी दिलेल्या प्रत्येक रुपयातून एखाद्या खाटेवर थोडी निश्चिंतता पोहोचते. ती पोहोचवण्याचे काम आमच्या हातून प्रामाणिकपणे घडो आणि देवाची शांती आपणां सर्वांच्या घरी नांदो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.